आधी टेस्ट फेल करून पाहा

बाई, तू विचारलंस, तिवशात बसून गिटसारख्या जगभर वापरल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरच्या इंटर्नशिपला अर्ज करता येतो का, आणि केला तर निवड होते का. पहिल्याचं उत्तर हो. दुसऱ्याचं उत्तर मात्र अर्जात नसतं, ते अर्जाआधीच्या काही आठवड्यांत तू काय केलंस त्यात असतं. माझी सगळी नोकरी पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये झाली, म्हणून टेस्ट एका पद्धतीतून दुसऱ्या पद्धतीत हलवण्याचं जे काम तिथे इंटर्नकडे आलं, त्यातल्या खाचाखोचा तुला सांगते. तुझ्या बडनेऱ्याच्या मैत्रिणींनाही वाचायला दे.

काम काय आहे, ते आपल्या शब्दांत सांगता आलं पाहिजे

गिट लिनस टोरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये लिहायला घेतलं. त्याच वर्षी जुलैत देखभाल जुनिओ हमानो यांच्याकडे गेली आणि तेव्हापासून ती त्यांच्याचकडे राहिली. गिटच्या बहुतेक टेस्ट शेल स्क्रिप्टमध्ये आहेत. आतलं एखादं सी फंक्शन तपासायचं तर टेस्ट-टूल नावाच्या मदतनीस प्रोग्रॅममध्ये त्याच्यासाठी एक तुकडा लिहायचा, स्क्रिप्टनं तो चालवायचा आणि त्यानं छापलेला मजकूर अपेक्षित मजकुराशी ताडून पाहायचा. दर वेळी नवी प्रोसेस. लिनक्सवर हे खपून जातं. विंडोजवर प्रोसेस सुरू करणं महाग पडतं आणि टेस्ट रेंगाळतात. शिवाय काही फसलं तर दोष फंक्शनचा, मदतनीसाचा की स्क्रिप्टचा, हे शोधण्यात वेळ जातो.

म्हणून २०२३ च्या अखेरीस गिटनं सीमध्येच युनिट टेस्ट लिहिण्यासाठी स्वतःची छोटी चौकट घेतली. २०२४ मध्ये लिबगिट२ या प्रकल्पातली क्लार नावाची चौकट आणली. काही टेस्ट त्यामुळे दोनदा हलल्या, शेलमधून घरच्या चौकटीत आणि तिथून क्लारमध्ये. हे काम बरंचसं इंटर्नकडून करून घेतलं गेलं. डिसेंबर २०२३ च्या आउटरीची इंटर्नशिपच्या फेरीत ते होतं, २०२४ च्या गूगल समर ऑफ कोडमध्ये होतं, आणि डिसेंबर २०२४ च्या आउटरीची फेरीत क्लारचं काम होतं. पुढच्या फेरीत विषय दुसराही असू शकतो. एखाद्या पायथॉन प्रकल्पात युनिटटेस्टमधून पायटेस्टकडे टेस्ट न्यायच्या असतील. नाव बदललं तरी कामाची रीत हीच.

एवढं सगळं पाच-सहा ओळींत, न अडखळता, आईला समजेल असं सांगता येतं का पाहा. येत नसेल तर फॉर्म उघडू नको.

दार कोणतं, ते ओळख

आउटरीची २०१० मध्ये ग्नोम प्रकल्पानं स्त्रियांसाठी सुरू केली. आता ती सॉफ्टवेअर फ्रीडम कन्झर्व्हन्सी या संस्थेच्या छत्राखाली चालते, आणि आपल्या देशाच्या तंत्रज्ञान क्षेत्रात ज्यांची संख्या कमी आहे किंवा ज्यांना भेदभाव सोसावा लागतो अशा सगळ्यांसाठी खुली आहे. वर्षाला दोन फेऱ्या असतात, मे ते ऑगस्ट आणि डिसेंबर ते मार्च. आठवड्याला ३० तास काम आणि तीन महिन्यांचं मानधन ७,००० डॉलर. आपल्याकडच्या विद्यार्थ्यांच्या वेळापत्रकात मेची फेरी बसते. डिसेंबरच्या फेरीसाठी विद्यार्थ्यांचे नियम वेगळे आहेत, ते त्या वर्षीच्या सूचनेत वाचूनच पुढे जा.

गूगल समर ऑफ कोड २००५ पासून चालू आहे. २०२२ पासून ती फक्त विद्यार्थ्यांपुरती राहिली नाही. वय १८ पूर्ण हवं आणि तू विद्यार्थिनी किंवा मुक्त सॉफ्टवेअरमध्ये नवखी हवीस. प्रकल्प ९०, १७५ किंवा ३५० तासांचे असतात आणि मानधन देशानुसार ठरतं.

तिसरं दार मुंबईत आहे आणि आपली पोरं त्याच्याकडे फारशी वळत नाहीत. आयआयटी मुंबईचा फॉसी प्रकल्प. त्यांच्या फेलोशिपसाठी आधी एक स्क्रीनिंग टास्क करून दाखवावा लागतो. त्यांचा लॅब मायग्रेशन नावाचा उपक्रम आहे, त्यात कॉलेजांतले मॅटलॅबवरचे प्रयोग सायलॅबसारख्या मुक्त सॉफ्टवेअरवर नेतात. जुन्या घरातून नव्या घरात काम नेताना उत्तर तेच आलं पाहिजे, ही शिस्त तिथे हाताला लागते. परदेशी प्रकल्पाची धास्ती वाटत असेल तर इथून सुरुवात कर.

यातलं कोणीही अर्जासाठी पैसे घेत नाही. ‘रजिस्ट्रेशन फी भरा, इंटर्नशिप पक्की’ म्हणणारा फोन आला तर तो तिथेच ठेवून दे.

मशीन आणि नेट आधी मार्गी लाव

नवा लॅपटॉप लागत नाही. जुन्या ४ जीबी रॅमच्या मशीनवर लिनक्स टाकलं की गिट बांधून होतं. त्याची सगळी रेपॉझिटरी काहीशे एमबीची आहे. ती अमरावतीला चांगल्या नेटवर एकदाच पूर्ण उतरवून घे. अर्धवट इतिहास उतरवू नको, कारण हे काम निम्मं इतिहास वाचण्याचंच आहे. नंतर तिवशात नेट नसलं तरी गिट लॉग आणि गिट ब्लेम चालतात. सगळ्या टेस्ट एकदम चालवल्या तर जुनी हार्डडिस्क रडते. टेस्टच्या कामाची जागा रॅममध्ये ठेवायची सोय त्यांच्याच टेस्टच्या रीडमीमध्ये दिली आहे. तरी सुरुवातीला एकच स्क्रिप्ट चालव, तीही सविस्तर छापून. काय चाललंय ते डोळ्यांनी दिसू दे.

लाइन गेली म्हणून काम गेलं असं होता कामा नये. दर छोट्या टप्प्यावर कमिट कर आणि संध्याकाळी ते दूरच्या सर्व्हरवर ढकल.

टेस्ट हलवण्याआधी ती फेल करून पाहा

सगळ्यांत महत्त्वाचं हेच, म्हणून नीट ऐक. हरभऱ्यात जागलीला माणूस ठेवला आणि रात्र शांत गेली. तो जागा होता म्हणून शांत गेली की रानडुकरं तिकडे फिरकलीच नाहीत म्हणून, हे सकाळी पीक पाहून कळत नाही. टेस्ट पास झाली एवढ्यावरून ती राखण करते आहे असं धरू नको.

आता प्रत्यक्ष उदाहरण घे. गिटमध्ये प्रायॉरिटी क्यू आहे, म्हणजे लहानमोठेपणानुसार वस्तू बाहेर काढणारी रांग. तिच्या जुन्या शेल टेस्टमध्ये चार गोष्टी तपासल्या जायच्या. टाकलेले आकडे क्रमानं बाहेर येतात का. टाकणं-काढणं मिसळून केलं तरी क्रम टिकतो का. रांग रिकामी असताना काढायला गेलं तर ते ओळखलं जातं का. आणि तुलना करणारं फंक्शन दिलंच नाही तर ती स्टॅकसारखी वागते का. ही टेस्ट पुढे सीमध्ये नेली गेली. असं काम तुझ्याकडे आलं तर या पायऱ्यांनी जा.

पहिली पायरी: जुनी टेस्ट काहून लिहिली, हे तिच्या पहिल्या कमिटमध्ये वाच. बहुतेक वेळा एखादा बग त्यामागे असतो. दुसरी: टेस्ट जे जे तपासते त्याची कागदावर यादी कर. तिसरी: मूळ फंक्शन मुद्दाम बिघडव. तुलनेचं चिन्ह उलटं कर, रिकाम्या रांगेची अट काढून टाक. जुनी टेस्ट फेल होते का पाहा. चौथी: नवी टेस्ट लिही आणि तोच बिघाड पुन्हा करून पाहा. जुनी जिथे बोंबलली तिथे नवीही बोंबलली पाहिजे. पाचवी: बिघाड काढ, दोन्ही पास होतात याची खात्री कर, आणि मगच जुनी काढ.

यादीतली एक ओळ जरी नव्या टेस्टमध्ये आली नाही तरी पुढच्या वर्षी कुणीतरी नकळत ती जागा मोडेल आणि कोणालाच कळणार नाही. नवी टेस्ट जास्त वेगानं चालते, कमी ओळींची आहे, हे सगळं त्यानंतरचं.

नेणं वेगळं, सुधारणं वेगळं

टेस्ट हलवताना तिच्यातल्या उणिवा दिसतात. ‘हे पण तपासायला पाहिजे होतं’ असं हमखास वाटतं. ते त्याच पॅचमध्ये घालू नको. आधी जशीच्या तशी ने, पुढच्या पॅचमध्ये सुधार. तपासणाऱ्याला पहिल्या पॅचमध्ये ‘काही बदललं नाही ना’ एवढंच पाहायचं असतं आणि दुसऱ्यात ‘जे बदललं ते बरोबर आहे ना’ हे. दोन्ही प्रश्न एका पॅचमध्ये मिसळले की तो वाचायलाच कंटाळतो.

सगळ्याच टेस्ट हलवायच्या नसतात, हेही ध्यानात ठेव. वापरणाऱ्यानं कमांड दिल्यावर काय घडतं हे तपासणारी टेस्ट शेलमध्येच शोभते, कारण वापरणारा शेलमधूनच गिट चालवतो. आतल्या डेटा स्ट्रक्चरची, अक्षरं वा तारखा वाचणाऱ्या फंक्शनची टेस्ट सीमध्ये जावी. अर्जात ‘या टेस्ट मी नेणार नाही आणि त्याची कारणं ही’ असा एक परिच्छेद लिहिलास तर वाचणाऱ्याला कळेल की हिनं फायली नुसत्या मोजल्या नाहीत, उघडून वाचल्यात.

छोटं काम एकच घे, पण पुरं कर

गिट अर्जदाराकडून आधी एक मायक्रोप्रोजेक्ट करून घेतं. दिसायला क्षुल्लक असतो. उदाहरणार्थ, स्क्रिप्टमध्ये फाइल आहे की नाही हे शेलच्या साध्या अटीनं तपासलेलं असतं. ती अट फसली तर मुकाट्यानं फसते. तिच्या जागी गिटच्या टेस्ट लायब्ररीतलं फंक्शन वापरलं तर कोणती फाइल सापडली नाही हे छापून येतं. दुसरं उदाहरण पाइपचं. पाइपच्या डावीकडे गिटची कमांड असेल तर तिचा एक्झिट कोड हरवतो, कारण शेल शेवटच्या कमांडचाच कोड धरतं. गिट कोसळलं तरी टेस्ट पास! तिथे आउटपुट आधी फाइलमध्ये घेऊन मग पुढे द्यायचं.

असं काम एकच घे. चार घेऊन चारही अर्धवट सोडणारी पोरं दर फेरीत दिसतात, आणि दुसऱ्यांसाठी ठेवलेली कामंही ती संपवून टाकतात. घेण्याआधी ते काम दुसऱ्या कुणी उचललंय का पाहा.

पॅचच्या शीर्षकात आधी जागा सांग आणि मग काय केलं ते, आज्ञार्थी आणि थोडक्यात. खाली काय केलं याची जंत्री नको, ती कोडमध्ये दिसतेच. का केलं ते लिही. शेवटी साइन्ड-ऑफ-बाय ही ओळ. ती नुसती रीत नाही. हे काम देण्याचा हक्क मला आहे, असं तू तिथे लिहून देतेस. म्हणून एआयकडून लिहून घेतलेला, स्वतःला न कळलेला कोड त्या ओळीच्या वर ठेवू नको. प्रकल्पाचे एआयबद्दलचे नियम वाच आणि पाळ. ओळ न् ओळ समजावून सांगता येत नसेल तर रिव्ह्यूच्या दुसऱ्याच प्रश्नाला तू उघडी पडशील.

रिव्ह्यूला घाबरू नको, आणि उशीरही करू नको

गिटमध्ये पॅच मेलनं जातो आणि सगळ्यांसमोर तपासला जातो. मेलची ती रीत जड वाटली तर गिटगिटगॅजेट नावाचं साधन पुल रिक्वेस्टवरून पॅच पाठवून देतं. पहिल्याच खेपेला ‘छान’ असं उत्तर येत नसतं. हे बदल, ते कशाला, असं येतं. आपल्याकडे चारचौघांत चूक दाखवली की तोंड उतरतं. तिथे चूक दाखवणं म्हणजे तुझ्या कामासाठी कुणीतरी वेळ काढला, एवढाच अर्थ घे.

दर मुद्द्याखाली उत्तर दे. पटलं तर ‘बदलते’ म्हण, पटलं नाही तर कारण सांग. ‘येस सर’ म्हणून सगळं मान्य करणारी इंटर्न त्यांना नको असते. मग दुसरी आवृत्ती पाठव आणि पहिल्यापेक्षा काय बदललं ते वर लिही. त्याच दिवशी तीन आवृत्त्या पाठवू नको, बाकीच्यांना वाचायला वेळ दे.

घड्याळ लक्षात ठेव. उन्हाळ्यात बर्लिनला सकाळचे ९ वाजतात तेव्हा आपल्याकडे दुपारचे साडेबारा असतात. कॅलिफोर्नियात सकाळचे ९ वाजतात तेव्हा इथे रात्रीचे साडेनऊ. प्रश्न दुपारपर्यंत पाठवून ठेवलास तर जेवण आटोपेपर्यंत उत्तराची आशा धरता येते. प्रश्न विचारताना काय करून पाहिलं, काय अपेक्षित होतं आणि काय झालं, हे तिन्ही लिही. नुसतं ‘चालत नाही’ असं कधी लिहू नको.

वेळापत्रक खरं लिही

अर्जाचा कणा म्हणजे वेळापत्रक. ‘पहिला आठवडा अभ्यास, दुसरा कोडिंग, शेवटचा डॉक्युमेंटेशन’ हे कोणत्याही अर्जाला चिकटवता येतं, म्हणून त्याला किंमत नाही. मदतनीस प्रोग्रॅमच्या फायली एकेक उघड आणि तीन गट पाड. ज्यांना रेपॉझिटरी लागतच नाही त्या सोप्या. ज्यांना रेपॉझिटरी उभी करावी लागते त्या मध्यम. ज्या एसएचए-१ आणि एसएचए-२५६ या दोन्ही हॅशवर चालल्या पाहिजेत त्या अवघड. प्रत्येक गटातलं एक नाव घेऊन त्यात काय अडेल ते दोन ओळींत लिही.

गिटमध्ये पॅच स्वीकारला म्हणजे लगेच मुख्य शाखेत गेला असं होत नाही. सीन, मग नेक्स्ट, मग मास्टर असा त्याचा प्रवास असतो आणि त्याला आठवडे लागतात. तेव्हा एक मालिका रिव्ह्यूमध्ये असताना दुसरी लिहिली जाईल, असं आखून ठेव. अर्जाचा कच्चा मसुदा शेवटच्या तारखेच्या बऱ्याच आधी दाखव. त्यावर आलेल्या सूचना अर्जात उतरलेल्या दिसल्या, तर निम्मी मुलाखत तिथेच झाली असं समज.

घरचं कॅलेंडरही त्यात यायला हवं. मे-जूनमध्ये विद्यापीठाची उन्हाळी परीक्षा असते. मृग लागला की पेरणी, आणि तुझ्या घरी पेरणीला सगळे हात लागतात. डिसेंबरच्या फेरीसाठी कामं दाखवायचे दिवस ऑक्टोबरात येतात, तेव्हा सोयाबीनची सवंगणी, मोझरीचा पुण्यतिथी महोत्सव आणि दिवाळी पाठोपाठ असतात. हे लपवू नको. ‘या आठवड्यात परीक्षा, तास कमी, पुढच्या दोन आठवड्यांत भरून काढीन’ असं आकड्यांत लिही. आणि घरी आजच सांगून ठेव की हे रिकामपणचं काम नाही, आठवड्याला ३० तासांची नोकरी आहे.

स्वतःबद्दल साधं लिही

आउटरीचीच्या पहिल्या अर्जात तुझ्या परिस्थितीवर प्रश्न असतात. शिकताना तुझ्यासारखे किती जण आजूबाजूला होते, कोणत्या अडचणी वा भेदभाव वाट्याला आला, असं विचारतात. तिथे करुण कहाणी रचू नको आणि लाजून चार शब्दांत गुंडाळूही नको. शाळा मराठी माध्यमाची होती, कॉलेजला एसटीनं जावं लागतं, लॅबमध्ये मुलींना मशीनपुढे बसायला किती वेळ मिळतो, असं जे घडलं ते तसंच लिही, प्रसंग आणि परिणाम सांगून. वाक्यं छोटी ठेव. तुझ्या इंग्रजीला मार्क नाहीत, ते समजलं म्हणजे झालं. ‘लहानपणापासून कॉम्प्युटरची आवड’ हे वाक्य खोडून टाक, सगळेच तसं लिहितात.

पैशाचे कागद

निवड झाल्यावर धावपळ नको म्हणून बँकेचं खातं, पॅन आणि आधार यांवर नाव एकसारखं आहे का ते आत्ताच पाहा. परदेशातून पैसे खात्यात येतात का आणि शाखेचा स्विफ्ट कोड कोणता, हे बँकेत विचार. तिवशातल्या शाखेत नसेल तर अमरावतीच्या शाखेचं सांगतील. आलेल्या रकमेवर कर कसा लागतो ते सीएला विचारून विवरणपत्र भर. मानधन टप्प्याटप्प्यानं मिळतं आणि मेंटॉरच्या अभिप्रायावर अवलंबून असतं, म्हणून पहिल्या हप्त्याच्या भरवशावर घरात काही कबूल करू नको.

यादीत नाव नसलं तर

एका प्रकल्पाला एक-दोन इंटर्न मिळतात आणि अर्ज कितीतरी येतात. नाव न येणं हे बहुतेकांच्या वाट्याला असतं. पण तुझा पॅच मास्टरमध्ये गेला असेल तर तो तिथून कोणी काढत नाही. गिट लॉगमध्ये तुझं नाव आणि तारीख राहते, नोकरीच्या मुलाखतीत ते उघडून दाखवता येतं. मेंटॉरला दोन ओळींचं आभाराचं पत्र पाठव आणि कुठे कमी पडले ते विचार. रिव्ह्यूमध्ये अडकलेला पॅच असेल तर निकालानंतरही तो पुरा कर. निकाल लागताच गायब होणारे कोण आणि टिकणारे कोण, हे मेंटेनरच्या लक्षात राहतं, आणि पुढच्या फेरीचे अर्ज बहुधा त्याच माणसांच्या हाती असतात.

तर आज रात्री फॉर्म उघडायचा नाही. गिट बांध, एक स्क्रिप्ट चालव, ती कशाची राखण करते ते वहीत लिही आणि तो कोड बिघडवून तिला फेल करून दाखव. मग मला फोन कर, पुढचं बोलू.